जांघेतली गाठ लपवू नका

आमचे थोरले चुलते हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, म्हणजे ॲन्जिओग्राफी, करून घरी आले. तिसऱ्या दिवशी स्वारी खताचे पोते उचलून शेतात! संध्याकाळी जांघेत लिंबाएवढी गाठ. लाजेपायी दोन दिवस बोलले नाहीत. चाल बिघडलेली पाहून शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, इथे कोण परके आहे? दाखवा बघू." हात लावला तर गाठ नाडीसारखी उडत होती.

ही तपासणी हल्ली बहुधा मनगटातून करतात, पण काहींना जांघेतूनच करावी लागते. तिथल्या धमनीत सुई घालून तिच्यावाटे बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. ही युक्ती स्वीडनच्या सेल्डिंगर या डॉक्टरांनी १९५३ साली मांडली. नळी काढली की धमनीला भोक उरते. ते पंधरा-वीस मिनिटे हाताने दाबून धरायचे आणि रोग्याने काही तास पाय न हलवता उताणे पडायचे, ही जुनी रीत आजही चालते. आता भोक बुजवायची साधनेही आहेत. एकात धमनीच्या आत छोटी चपटी पट्टी, बाहेर कोलॅजेनचा बोळा आणि दोहोंना बांधणारा दोरा असतो. सायकलच्या ट्यूबला आतून-बाहेरून ठिगळ लावावे तसे. सुमारे नव्वद दिवसांत ते सारे विरघळते. रोगी लवकर उठून बसतो, पण ठिगळही कधी दगा देते.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला बाळंतपणच आठवते. पण तेच यंत्र जांघेवर फिरवले की पट्टी जागेवर आहे का, पायाकडचे रक्त अडते का, कुठे गळती आहे का, हे सारे दिसते. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. चुलत्यांच्या धमनीला लागून रक्ताची पिशवी झाली होती. डॉप्लरच्या रंगीत चित्रात तिचा अर्धा भाग लाल, अर्धा निळा. म्हणजे रक्त आत शिरून गरगर फिरत होते. अशी लहान पिशवी कधी आपोआप बुजते. यांची मोठी होती. पडद्यावर पाहत डॉक्टरांनी तिच्यात रक्त गोठवणारे औषध टोचले आणि रंग तिथल्या तिथे नाहीसे झाले. अंदाजाने चोळून-शेकून हे झाले नसते. गरम विटेने शेकायचा सल्ला देणारे घरात दोघे होते, म्हणून सांगितले.

आठवडाभर तरी ओझे उचलू नये. गाठ वाढली, पाय गार किंवा बधिर पडला, ताप आला, पू दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कंबर-पोटात कळ येऊन घेरी आली तर रक्त आत साचत असण्याचा संभव असतो. जखमेतून रक्त आले तर रोग्याला आडवे करून त्या जागी व किंचित वर घट्ट दाबून धरावे, दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.

बूच बसवले असेल तर दवाखान्यातून त्याचे कार्ड मागून घ्यावे. तीन महिन्यांत पुन्हा त्याच जांघेत सुई घालायची वेळ आली तर नव्या डॉक्टरांना ते दाखवावे लागते. काकूंनी चुलत्यांचे कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे.