मांडीचं हाड मोडल्यावर

पिसं उडू नयेत म्हणून पशुवैद्य मॅडमनी मेलेल्या कोंबडीवर आधी जंतुनाशकाचं पाणी मारलं. मग खाद्याच्या रिकाम्या पोत्यावर तिला उताणी ठेवली आणि दोन्ही मांड्या बाहेर दाबल्या. खुबे निखळल्याचा आवाज झाला. सिन्नरजवळची शेड, एप्रिलची दुपार. ३३ दिवसांची बॅच, आणि तीन दिवसांपासून मर वाढलेली.

छातीचं हाड उचललं तशी हृदयावर आणि यकृतावर खडूची पूड भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला.

“बुरशी का हो, मॅडम?” शेडवाल्या दादांनी विचारलं.

“नाही दादा, युरिक ॲसिड.”

कोंबडी वेगळी लघवी करत नाही. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजेच तिचं युरिक ॲसिड. मूत्रपिंडं थकली की ते रक्तात साचतं आणि अवयवांवर बसतं. डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत, तेव्हा त्यांच्या पोटातही हाच थर सापडायचा. २००४ साली ते कारण उघड झालं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या त्या औषधाचं उत्पादन थांबवलं गेलं.

मॅडमनी आतडी बाजूला सारली. मूत्रपिंडं पाठीच्या कण्यालगतच्या खोबणीत रुतलेली असतात, प्रत्येकाचे तीन भाग. निरोगी असती तर गडद तपकिरी दिसली असती. ही फुगलेली, फिकट होती आणि त्यांच्यावर पांढऱ्या रेघांची जाळी होती.

“पाण्यातून काय दिलंत?”

दादांनी पुड्या आणल्या. पिल्लं शिंकत होती तेव्हा दुकानदारानं एक औषध दिलं होतं, पुढे हगवण लागली म्हणून सल्फा. मात्रा लिटरवर मोजून, पुडीवर लिहिल्याप्रमाणेच. पण २१ अंशांच्या हवेत कोंबडी जेवढं पाणी पिते, त्याच्या जवळजवळ दुप्पट ती ३२ अंशांना पिते. टाकीतलं प्रमाण तेच राहिलं आणि पोटात औषध मात्र दुप्पट गेलं. जास्त सल्फा मूत्रपिंडाला झेपत नाही. त्यातले काही प्रकार तर ‘के’ जीवनसत्त्वाचं काम अडवतात, मग रक्त गोठत नाही.

मॅडमनी मांडीची कातडी सोलली. स्नायूंत रक्ताचे ठिपके होते. हाड मोडलं, तर लालभडक असायला हवी ती मज्जा पिवळट निघाली.

सगळं सल्फाकडे बोट दाखवत होतं, तरीही मॅडमनी निदान सांगून टाकलं नाही. रक्ताचे ठिपके गंबोरो रोगातही येतात, म्हणून तो रोग जिला धरतो ती गुदद्वाराजवळची बर्साची गाठ चिरून पाहिली. ती ठीक होती. पांढरा थर पाण्याच्या तुटवड्यानं येतो, खाद्यात कॅल्शियम जास्त झाल्यानं येतो, ब्रॉंकायटिसच्या विषाणूनंही येतो. आणखी दोन पक्षी उघडले. मूत्रपिंडाचे तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेले, प्रयोगशाळेसाठी. पुडी फाडायला दहा सेकंद लागतात आणि पक्षी उघडून बघायला पंधरा मिनिटं. ही पंधरा मिनिटं पहिल्या पुडीच्या आधी मिळाली असती तर, हे मला त्या पोत्याशेजारी बसून राहून राहून वाटत होतं.

सल्फा बंद, टाकी धुवायची, दिवसभर साधं थंड पाणी, त्यात थोडा गूळ. एवढं सांगून झाल्यावर मॅडमनी विचारलं, “माल कधी उचलणार?”

“परवा गाडी येतेय.”

त्यांनी पुडी उलटी केली आणि शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस पक्षी विकायचा नाही, ती ओळ दादांना मोठ्यानं वाचून दाखवली. दादा थोडा वेळ शेडकडे बघत राहिले. मग व्यापाऱ्याला फोन लावायला बाहेर उन्हात गेले.