छातीतली कळ : पित्ताची की हृदयाची?

विनिपेगमध्ये दिवाळीचा फराळ आणि पहिला बर्फ बहुधा मागेपुढेच येतात. चकल्या-करंज्यांवर ताव मारून झोपलेल्या माणसाच्या छातीत मध्यरात्री कळ आली, तर घरातून पहिला उद्गार येतो : ‘पित्त झालं असेल!’ हा शब्द फसवा आहे. जठरातील आम्लाच्या जळजळीला आपण पित्त म्हणतो आणि यकृतात तयार होणाऱ्या पाचकरसालाही पित्तच. याच शब्दाआड कधी हृदयविकारही दडतो.

पित्ताशय ही यकृताच्या खालच्या अंगाला असलेली छोटी पिशवी. तिच्यातील पित्तात कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढले की खडे बनू शकतात. बहुतेकांचे खडे कधीच त्रास देत नाहीत. मात्र स्निग्ध जेवणानंतर पिशवी आकुंचन पावते, तेव्हा खडा तिच्या तोंडाशी अडकला तर कळ उठते. ती पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगड्यांखाली जाणवते, उजव्या खांद्याकडे वा पाठीत जाते आणि अर्ध्या तासापासून काही तास टिकते. सोबत मळमळ किंवा उलटी होते.

मग ती छातीत का भासते? हृदय आणि पित्ताशय यांच्या वेदना वाहणारे मज्जातंतू मज्जारज्जूत जवळजवळच्या पातळ्यांवर शिरतात. त्यामुळे वेदनेचे नेमके ठिकाण ओळखताना मेंदूची गल्लत होते. पित्ताशयाला तीव्र सूज आली असता क्वचित ईसीजीतही हृदयविकारासारखे बदल दिसतात.

हृदयाची वेदना बहुधा दाब किंवा आवळल्यासारखी असते. दारातला बर्फ फावड्याने उपसताना ती सुरू होऊ शकते. डाव्या हातात वा जबड्यात जाते, घाम फुटतो, धाप लागते. मात्र स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात ही लक्षणे पुसट असू शकतात. शिवाय दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना हृदयविकार तुलनेने लहान वयात गाठतो.

म्हणून घरी निदान करत बसू नये. छातीत नवी, तीव्र किंवा न थांबणारी वेदना असेल, तर ९११ला फोन करावा. स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नये. तेथे ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी होते. ही तपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागू शकते. हृदय निर्दोष ठरल्यावर सोनोग्राफीत खडे शोधता येतात. पण खडा सापडला म्हणजे वेदना त्याचीच होती असे सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ताप, थंडी किंवा कावीळ असल्यास उपचार तातडीचे ठरतात.

त्रास देणाऱ्या खड्यांवर पित्ताशय काढणे हाच सहसा कायमचा उपाय. दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूह यांनी केली. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी ती भारतात आणली. आज अनेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

‘पित्त असेल’ हा घरचा अंदाज शेवटी खराही ठरेल. तो खरा आहे, हे मात्र रुग्णालयाला ठरवू द्यावे.