रविवार विकणे नाही!

रविवार सकाळ, पावणेदहा. चर्चमध्ये शेवटून दुसऱ्या बाकावर मी बसलेय आणि बॅगेतला मोबाइल थरथरतोय. एकदा, दोनदा... पाचव्यांदा शेजारच्या मावशींनी असं काही पाहिलं, की मी गुपचूप बाहेर आले. ‘मॅम, फक्त दोन ओळी बदलायच्यात. दहा मिनिटांचं काम!’ इति क्लायंट. दहा मिनिटांचे दोन तास झाले. आत उपासना संपली, चहा झाला, आई-पप्पा रिक्षानं घरीसुद्धा गेले. मी आपली पायरीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन!

तुम्ही म्हणाल, फ्रीलान्सरला कसला आलाय रविवार? मीही हेच म्हणायचे. प्लॅनर, अ‍ॅप, पहाटे पाचचा अलार्म, सगळं करून झालं. त्यातून वेळ वाचायचाही. आणि वाचलेल्या वेळात मी आणखी एक काम घ्यायचे.

मग एका रविवारी (त्या दिवशी फोन चुकून घरी राहिला होता) आमच्या पाळकसाहेबांनी इफिसकरांस पत्रातला एक शब्द उलगडून सांगितला. ‘वेळेचा सदुपयोग’ असं आपण म्हणतो, तिथं पौलानं मूळ ग्रीकमध्ये चक्क बाजारातलं क्रियापद वापरलंय, विकत घेणे! आणि वेळेसाठीचा शब्द आहे ‘कैरोस’. घड्याळात सरकत राहतो तो ‘क्रोनोस’. कैरोस म्हणजे नेमकी घटका, चालून आलेली संधी. ती किंमत मोजून सोडवून घ्यायची. किंमत! माझ्या टाइम मॅनेजमेंटच्या एकाही पुस्तकात हा शब्द नव्हता. तिथं सगळं फुकट मिळतं.

त्याच आठवड्यात एका फीचरसाठी केडगावला जाणं झालं. पुणे-दौंड लाइनवरचं स्टेशन, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली, विधवा, शेती, छापखाना... याहून बिझी शेड्यूल कुणाचं असेल? आणि या बाई चाळिशी उलटल्यावर हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करत बसल्या! का, तर तेव्हाचं मराठी बायबल फार संस्कृतप्रचुर, साध्यासुध्या बायकांना ते कळायला हवं. थेट मूळ भाषांवरून त्यांनी भाषांतर सुरू केलं. छपाईचे खिळे जुळवले ते मिशनमधल्या बायकांनीच. काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी, मनोरमा, गेली. काम थांबलं नाही. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. छापील ग्रंथ आला १९२४ मध्ये.

वर्कहोलिक मंडळी खूश होतील, बघा, शेवटपर्यंत काम! मला मात्र त्यांनी काय सोडलं ते दिसलं. अमेरिकेत गावोगावी भाषणं गाजवलेली ही बाई शेवटची वर्षं बहुतेक केडगावातच राहिली.

परतीच्या शटलमध्ये क्लायंटला मेसेज टाकला. रविवारी फोन बंद, सोमवारी सकाळी नऊला पहिलं काम तुमचंच. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरीला घेतलं. माझ्या कमाईतला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला! देवानं त्याहून मोठं काम धाडलं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. अजून तरी धाडलेलं नाही. स्कूटीचे दोन हप्ते पप्पांनी भरलेत.

सगळ्यांना हे परवडेलच असं नाही, कबूल. माझी एक मैत्रीण नर्स आहे. तिचा ‘रविवार’ कधी मंगळवारी येतो, कधी येतच नाही. तिनं काय वॉर्ड सोडून यायचं? शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्यांना बरं केलं म्हणून लोक खुद्द येशूवरही चिडले होतेच की.

मागच्या रविवारी चहाच्या रांगेत त्या बाकावरच्या मावशी भेटल्या. नवरा गेल्यापासून जेवण एकटीचंच असतं, म्हणाल्या. गेले त्यांच्याकडे. चार वर्षं आम्ही एकाच बाकावर बसतोय आणि त्यांचं नाव मला त्या दुपारी कळलं. निघताना त्यांनी डब्यात सुकटीची चटणी भरून दिली. आता डबा परत करायचाय, म्हणजे पुढचाही रविवार गेलाच!