पित्त, पित्ताश्मरी आणि कोलेस्टेरॉल

आंबट ढेकर आले की आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. अंगावर गांधी उठल्या तरी ‘पित्त उठले’ म्हणतो. शरीरशास्त्रातले पित्त मात्र यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते व स्निग्ध पदार्थ पचविण्यास साहाय्य करते. त्यातील द्रव्ये साकळून खडा बनला की ती पित्ताश्मरी. अशा खड्यांत सापडणाऱ्या मेणचट द्रव्याला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल याने १८१५ च्या सुमारास नाव दिले, ते ग्रीक ‘खोले’ म्हणजे पित्त व ‘स्टेरेऑस’ म्हणजे घन यांवरून. तेच आजचे कोलेस्टेरॉल. म्हणून श्रोतेहो, उजव्या बरगडीखाली कळ येऊन ताप चढला किंवा डोळे पिवळे झाले, तर ‘पित्तच असेल’ म्हणून सोडा घेऊन स्वस्थ बसू नये. तत्काळ डॉक्टरांना गाठावे. शब्द एक असला, तरी विकार एक नव्हे.