घातक कचऱ्याची तपासणी: समज आणि वस्तुस्थिती

कचरा घातक आहे की नाही हे प्रयोगशाळाच ठरवते, असे सर्रास मानले जाते. मुरबाडच्या एमआयडीसीतला असो वा आसनगावचा, कोणत्याही कारखान्याच्या कचऱ्याबाबत पहिला प्रश्न वेगळाच असतो: तो कोणत्या प्रक्रियेतून निघाला? घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत, पहिल्या अनुसूचीत अशा प्रक्रियांची यादी आहे. वापरलेले यंत्रतेल, रसायनाने माखलेली रिकामी पिंपे, सांडपाणी प्रकल्पातला रासायनिक गाळ हे चाचणीआधीच घातक धरले जातात. आपला गाळ तसा नाही, असे कारखानदाराचे म्हणणे असल्यास त्याला ते दुसऱ्या अनुसूचीच्या कसोट्यांवर सिद्ध करता येते. वाद राहिला तर तो केंद्रीय मंत्रालयाच्या तांत्रिक समितीकडे जातो.

हा विषय फक्त केमिकल कंपन्यांचा, हेही खरे नाही. पत्र्यावर फॉस्फेटचा थर देणाऱ्या छोट्या कारखान्याचा गाळही यादीत आहे.

वास नाही, रंग नाही, म्हणून धोका नाही, हा समज सर्वांत घातक. तीव्र आम्ल पाण्यासारखे नितळ दिसू शकते. सामू २ किंवा त्याखाली, अथवा १२.५ किंवा त्यावर असेल तर द्रव क्षरणकारी ठरतो. ६० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाला ज्याची वाफ पेट घेते, तो ज्वलनशील.

जड धातूंची परीक्षा याहून किचकट आहे. गाळ साध्या पाण्यात ढवळून ते पाणी तपासले की झाले, असे नसते. कचरा भरावात पुरल्यावर कुजणाऱ्या पदार्थांतून सेंद्रिय आम्ले तयार होतात आणि ती धातू ओढून घेतात. म्हणून 'टीसीएलपी' चाचणीत १०० ग्रॅम नमुना २ लिटर अॅसेटिक आम्लाच्या द्रावणात सुमारे १८ तास फिरवतात व गाळलेला द्रव तपासतात. त्यात शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. मात्र ही चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे कचरा निर्धोक ठरला, असे नाही. आज धातू गाळात घट्ट अडकलेला असला, तरी तो तिथे असतोच.

अहवाल नमुन्याइतकाच खरा असतो. पिंपातला द्रव थरांत विभागलेला असतो. वरून भरलेली बाटली तळाच्या गाळाविषयी काहीच सांगत नाही. म्हणून नमुना सर्व खोलींवरून घ्यावा लागतो. एकच अहवाल कायमचा पुरत नाही. तळोज्यासारख्या सामायिक विल्हेवाट केंद्रात आधी सविस्तर पृथक्करण होते; पुढे आलेल्या कचऱ्याची झटपट ओळखचाचणी करून तो मूळ अहवालाशी जुळतो का, हे पाहिले जाते. त्यावरून थेट भराव, स्थिरीकरण की भट्टी, हे ठरते.

बेवारस कचऱ्यापुढे मात्र ही व्यवस्था लंगडी पडते, कारण उगमच ठाऊक नसतो. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडले गेले आणि शेकडो रहिवाशांना त्रास झाला. असा धोका शहापूर तालुक्यातही आहे: मुंबई-नाशिक महामार्ग तिथल्या कसारा घाटातून जातो आणि मुंबईला पाणी देणारे भातसा धरणही याच तालुक्यात आहे. घाटात, ओढ्यात बेवारस पिंप किंवा अनोळखी द्रव दिसल्यास वास घेऊ नये, काडी ओढू नये, पाणी ओतू नये. दूर राहून ११२ वर आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवावे.