चित्रात नसलेला तळ

जुन्या जहाजाचे चित्र काढायला बसलेल्या माणसापुढचा खरा पेच शिडांचा नसतो, तळाचा असतो. डोलकाठ्या, शिडे, वल्ही हे सगळे भित्तिचित्रांत, शिल्पांत, नाण्यांवर सापडते. जहाज तरणार की कलंडणार हे मात्र पाण्याखालच्या भागावर ठरते आणि तो भाग चित्रकार सहसा काढत नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातले असेच एक जहाज आहे. तीन डोलकाठ्या, उंच आयताकृती शिडे, कुशीला बांधलेले सुकाणूचे वल्हे आणि मागच्या बाजूला मांडलेले रांजण. या चित्राच्या आधारावर संस्कृती मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांनी २०२३ मध्ये करार केला. केरळचे कसबी कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या शिवून सुमारे २० मीटर लांबीचे जहाज उभे राहिले. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघून मस्कतला पोहोचले. अशा आराखड्याला कुणी कल्पनाविलास म्हणते, कुणी थेट इतिहास म्हणून मिरवते. माझ्या मते ते एक वैज्ञानिक गृहीतक असते आणि त्याच कसोटीवर ते घासले पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की अजिंठा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत; तिथल्या चित्रकाराने जहाज पाहिले तरी होते का? आक्षेप रास्त आहे, पण घाट आणि बंदर यांच्यातले नाते लक्षात घेतले की त्याची धार कमी होते. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम कडेला नाणेघाट आहे. सातवाहन काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने देशावर चढत असे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिल्याचाही. समुद्रापलीकडची माणसे इथे दान देण्याइतकी रुळली होती, तर जहाजांच्या गोष्टी आणि आकार घाटावर अनोळखी राहिले असतील हे पटत नाही. शिवाय अजिंठ्याचे ते चित्र सोपाऱ्याच्या पूर्ण या व्यापाऱ्याच्या कथेतले. कथा सांगायला समुद्र आणि नाव पुरेशी होती. सुकाणूचे वल्हे नेमके कुशीला बांधायची गरज कथेला नव्हती. असा तपशील माहितीतूनच येतो, चित्रकाराची स्वतःची असो वा त्याला सांगणाऱ्याची.

तरीही तळ उरतोच. इथे चित्र संपते आणि पदार्थविज्ञान सुरू होते. जहाज एका कुशीवर झुकले की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर त्याच बाजूला सरकतो. हा जोर जहाजाच्या गुरुत्वमध्याच्या पुरेसा बाहेर सरकला, तर तो जहाजाला परत सरळ करतो. नाही सरकला, तर जहाज उलटते. म्हणजे उंच शिडे काढली, की तळाची रुंदी आणि खाली भरायचे वजन यांवर आपोआप मर्यादा येतात. मग लहान प्रतिकृती पाण्याच्या टाकीत ओढून पाहतात. ‘कौंडिण्य’च्या चाचण्यांत आयआयटी मद्रासचा वाटा होता. विल्यम फ्राउडने १८७० च्या दशकात या चाचण्यांचा नियम घालून दिला. लाटा खऱ्या प्रमाणात उठाव्यात, तर प्रतिकृतीचा वेग लांबीच्या वर्गमुळाने कमी करायचा. नऊपट लहान प्रतिकृती एक तृतीयांश वेगाने ओढायची.

यावर कुणी म्हणेल, की तळ आजच्या गणिताने भरला तर जहाजही आजचेच झाले. हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो आणि तो पूर्ण खोडता येत नाही. मस्कतला पोहोचलेले जहाज एवढेच सिद्ध करते, की या रीतीने बांधलेले जहाज समुद्र ओलांडू शकते. पाचव्या शतकातले जहाज हुबेहूब असेच होते, हे सिद्ध होत नाही. पण खरे जहाज बांधल्याने चूक पकडता येते, हा लाभ मोठा आहे. ग्रीसमध्ये १९८७ मध्ये ‘ऑलिम्पियास’ ही तीन रांगांची वल्ह्यांची युद्धनौका प्राचीन पुराव्यांवरून बांधली. चाचण्यांत वल्हेकऱ्यांना पाठीमागे पुरेसे रेलताच येईना. त्यांच्या बैठकांमधले अंतर सुमारे ८९ सेंटीमीटर धरले होते; प्राचीन हाताचे माप थोडे मोठे मानले तर ते ९८ च्या आसपास जाते. कागदावर ही चूक दिसली नव्हती. शिवलेल्या जहाजाचेही तसेच. फळ्या कडेला कड लावून भोके पाडायची, सांध्यावर काथ्याची वळी ठेवून सुंभाने आवळायचे, वरून राळ भरायची. असा सांगाडा लाटेबरोबर किंचित लवतो, आणि ते लवणे नेमके किती हे संगणकावर बसवणे खिळे ठोकलेल्या जहाजापेक्षा अवघड.

म्हणूनच पुढची पाळी मराठा आरमाराच्या गुराबेची असावी, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. अठराव्या शतकातील इंग्रज वर्णनांत तिचे अंग लांबीच्या मानाने फार रुंद, पाण्यात कमी बुडणारे, पुढे निमुळते होत गेलेले. नेहमीच्या उंच नाळेऐवजी पुढे झेपावणारी बुटकी चोच आणि त्यामागे मुख्य डेकच्या टोकाला आडवी भिंत. तिच्या दारांतून दोन तोफा चोचीवरून समोर रोखलेल्या. चोचीवर चढलेले पाणी डेकवर न येता दोन्ही बाजूंनी ओघळून जाई. तीन डोलकाठ्यांच्या गुराबा ३०० टनांपर्यंतच्या, दोन काठ्यांच्या बहुधा १५० टनांच्या आत. हे वर्णन अजिंठ्याच्या चित्रापेक्षा कितीतरी भरघोस आहे आणि त्यातून तपासण्याजोगे प्रश्न लगेच निघतात. समोरून लाट आली की बुटकी चोच किती खोल बुडते? त्या वेळी दारांतून आत पाणी शिरते का? इतक्या उथळ तळाची गुराब वाऱ्याच्या तिरकस दिशेने जाताना बाजूला किती वाहवते? एक प्रतिकृती, एक टाकी आणि लाटा उठवणारे यंत्र एवढ्यावर या प्रश्नांची उत्तरे शोधायला सुरुवात करता येईल.