शाप, शिवी आणि उद्गार : समानार्थी भासणाऱ्या काही शब्दांचा प्रयोगभेद

डहाणू तालुक्यातील चिंचणी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते तेथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे. त्यांपैकी राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या काळातील, शके ८४८ (इ. स. ९२६) चा पट दिनेशचंद्र सरकार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये प्रसिद्ध केला. संजाणचा अरब अधिकारी मधुमती सुगतिप याचा त्यात उल्लेख असल्याने त्याची चर्चा पुष्कळ झाली. भाषाभ्यासकाचे लक्ष मात्र अशा दानपत्रांच्या अखेरच्या भागाकडेही जावयास हवे. भूमीचे दान करणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहील आणि त्याचा अपहार करणारा तितकीच वर्षे नरकात पडेल, अशा आशयाचे संस्कृत श्लोक दानपत्रांच्या शेवटी सामान्यतः येतात.

याच उत्तर कोकणात शिलाहारांच्या राजवटीत दानलेखाचा एक निराळा शेवट रूढ झाला. तो म्हणजे गद्धेगाळ. दगडावर वरच्या बाजूस सूर्यचंद्र, खाली स्त्री व गाढव यांचे शिल्प आणि दान मोडणाऱ्याच्या मातेची विटंबना सांगणारे वाक्य, असे त्याचे स्वरूप असते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील परळ येथील अपरादित्याच्या शिलालेखात मुख्य मजकूर संस्कृत असून ही ‘गाळ’ तेवढी मराठीत आहे. दोन्ही शेवटांचा हेतू एकच, दानाचे रक्षण. परंतु श्लोक परलोकाचे भय घालतो, तर गाळ चारचौघांतील लाजेचे. पहिला शाप होय, दुसरी शिवी. ‘शिवीगाळ’ या आजच्या जोडशब्दात ती जुनी ‘गाळ’ अद्याप टिकून आहे.

शाप आणि शिवी यांतील हा भेद व्याकरणातही उतरतो. शापाला बहुधा आज्ञार्थी किंवा भविष्यकाळी क्रियापद लागते: ‘तुझे वाटोळे होवो.’ शिवीचे काम नुसत्या नामाने किंवा विशेषणाने भागते. तिसरा वर्ग उद्गाराचा. त्याला लक्ष्य असलेच पाहिजे असे नाही. एकच शब्द या तीन वर्गांतून प्रवास करू शकतो, आणि जवळजवळचे दोन शब्द त्या प्रवासात निरनिराळ्या टप्प्यांवर थांबलेले असतात. कोशात त्यांच्यापुढे पुष्कळदा ‘एक शिवी’ एवढीच नोंद आढळते. खरा भेद त्या नोंदीच्या पलीकडे असतो.

‘मेला’ व ‘मुडदा’ ही जोडी पाहू. पहिला शब्द ‘मरणे’ या धातूचे रूप, दुसरा फार्सीतून आलेला. दोहोंचे मूळ अखेर ‘मृ’ या एकाच भारत-इराणी धातूत आहे आणि दोहोंचा वाच्यार्थही एकच. तरीही ‘मेलं हे दार लागतच नाही’ असे वाक्य सहज कानी पडते, ‘मुडदं हे दार’ असे कोणी म्हणत नाही. ‘मला मेलीला काय कळतंय!’ असे स्वतःविषयी म्हणता येते. तेथे ‘मुडदा’ चालत नाही. ‘मेला’ तिन्ही लिंगांत चालतो, निर्जीव वस्तूला लागतो आणि वक्त्यालाही लागतो. म्हणजेच त्यातील मरणाचा अर्थ जवळजवळ पुसला जाऊन केवळ वैताग, लटका राग किंवा माया उरली आहे. ‘मुडदा’ मात्र नामच राहिला. ‘तुझा मुडदा बसो’ या प्रयोगात शापाची आज्ञार्थी चौकट अजून शाबूत आहे. म्हणूनच ‘मुडद्या’ या संबोधनाला ‘मेल्या’पेक्षा अधिक धार असते.

येथे वक्ता कोण, हाही प्रश्न महत्त्वाचा ठरतो. देशावर ‘मेला’ परंपरेने स्त्रियांच्या बोलण्यातला शब्द समजला जातो. दक्षिण कोकणात, मालवणीत, पुरुषही एकमेकांना सर्रास ‘मेल्या’ म्हणतात. देशावरच्या पुरुषाने तोच शब्द वापरला तर तो नक्कल करीत आहे असे वाटण्याचा संभव असतो.

दुसरा गट ‘तुझ्या आयला’, ‘च्यायला’ आणि ‘आयला’ यांचा. गद्धेगाळीप्रमाणे येथेही लक्ष्य माताच आहे. परंतु वाक्यातील क्रियापद गळून पडले आहे. पहिल्या रूपात ‘तुझ्या’ हा द्वितीयपुरुषी संबंध स्पष्ट असल्याने समोरची व्यक्ती थेट लक्ष्य होते. ‘त्याच्या आयला’ या रूपाची झीज होऊन ‘च्यायला’ उरले. त्यात षष्ठीचा ‘च्या’ शिल्लक आहे, पण तो कोणाचा हे सांगणारे सर्वनाम नाही. ‘आयला’मध्ये तोही नाही. संबंधाचा हा लोप आणि अर्थाचे सौम्य होणे ही दोन्ही बरोबरीने चालतात. गाडी चुकली की ‘च्यायला’, अनपेक्षित सुंदर दृश्य दिसले की ‘आयला’. पहिल्यात त्रागा अधिक, दुसऱ्यात विस्मय अधिक. दोन्ही शब्द वडीलधाऱ्यांसमोर टाळले जातात, यावरून मूळ अर्थाची स्मृती समाजात पूर्णपणे बुजलेली नाही, एवढे निश्चित.

तिसरे उदाहरण चिंचणीसारख्या सीमेलगतच्या पट्ट्याला विशेष लागू पडते. तेथे मराठी, गुजराती, वाडवळी, मांगेली व वारली या भाषा-बोली शेजारी शेजारी नांदतात. ‘साला’ हा शब्द संस्कृत ‘श्याल’ म्हणजे पत्नीचा भाऊ यावरून आला. राजाचा श्याल असलेला ‘मृच्छकटिका’तील शकार पाहिला म्हणजे या नात्याची हेटाळणी किती जुनी आहे हे कळते. हिंदीत ‘साला’ हे नातेही आहे व शिवीही. गुजरातीत नाते ‘साळो’ आणि शिवी ‘सालो’ किंवा ‘साला’. ‘ळ’ व ‘ल’ या दोन वर्णांनी अर्थाची वाटणी करून घेतली आहे. मराठीत नात्याचा रूढ शब्द ‘मेहुणा’ असल्याने ‘साला’ हा शिवी व उद्गार एवढ्यापुरताच उरला. एकाच बाजारात तीन भाषकांनी उच्चारलेल्या ‘साला’चे वजन म्हणूनच एकसारखे असत नाही.

या सूक्ष्म भेदांचा विचार केवळ कोशकाराच्या सोयीसाठी नाही. तक्रारीत बहुधा ‘शिवीगाळ केली’ एवढेच लिहिले जाते. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अश्लील शब्दोच्चार (कलम २९६) आणि शांतताभंगास चिथावणी देण्यासाठी केलेला हेतुपुरस्सर अपमान (कलम ३५२) हे निरनिराळे अपराध आहेत. ‘च्यायला’ आणि ‘तुझ्या आयला’ यांचे एकाच शब्दाने भाषांतर करणारा दुभाषी त्या दोहोंमधील सीमारेषाच पुसून टाकतो.

याहून गंभीर प्रकार जातिनामांचा. व्याकरणदृष्ट्या ती साधी नामे होत. त्यांत मरणाची इच्छा नाही, मातेचा उल्लेख नाही. तरीही तुच्छतेने उच्चारलेले जातिनाम ‘मेल्या’सारखे मायेच्या किंवा उद्गाराच्या वर्गात सरकत नाही, कारण त्याचे विष शब्दार्थात नसून समाजाच्या इतिहासात आहे. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांस प्रतिबंध करणाऱ्या १९८९ च्या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने, सार्वजनिक दृष्टिपथातील ठिकाणी अशा व्यक्तीस जातिनामाने शिवीगाळ करणे हा स्वतंत्र अपराध ठरविण्यात आला. डहाणू-तलासरीसारख्या आदिवासीबहुल भागात हा भेद रोजच्या जीवनाशी निगडित आहे.

तात्पर्य, शिवीचा अर्थ ठरविताना केवळ व्युत्पत्ती पुरत नाही. तो शब्द निर्जीवास लागतो काय, वक्ता तो स्वतःस लावू शकतो काय, त्यात संबंधदर्शक रूप शिल्लक आहे काय, आणि कोण कोणास तो उच्चारीत आहे, हे चार प्रश्न विचारावे लागतात. पहिल्या तिहींची उत्तरे व्याकरण देते. चौथ्याचे उत्तर समाजाकडेच मागावे लागते.